नाचणीची गादी

नर्सबाईने अनुभव लिहायचे म्हटले की लोकांना बाळंतपणं हवी असतात. आडवं आलेलं मूल, वाटेत विझलेला कंदील, आणि शेवटी सगळं सुखरूप. तशी बाळंतपणं मी पुष्कळ केली. पण खरं सांगायचं तर मूल काही नर्सबाईमुळे जन्माला येत नाही. ते यायचंच असतं, बाई हजर असली तर बरं, एवढंच. मला ज्या कामाचा अभिमान वाटतो ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. ज्यांचे पाय गेले, ज्यांना खुर्चीवर बसवलं की दुसऱ्याने उचलेपर्यंत तिथेच बसावं लागायचं, अशा माणसांची बसायची जागा मी सांभाळली. हसू आलं असेल तर हसून घ्या. मला घाई नाही.

धडधाकट माणूस कधी स्वस्थ बसत नाही. कीर्तनाला बसलेल्यांकडे एकदा मागून बघा. बुवा कितीही रंगात आलेले असोत, कुणी या मांडीवरून त्या मांडीवर जातो, कुणी पुढे सरकतो, कुणी गुडघा उभा करतो, आणि कुणालाच त्याचा पत्ता नसतो. बुडाखाली दोन हाडं असतात. त्यांच्यावर भार पडला की मधली कातडी चेपते, तिथलं रक्त अडतं, जागा कुरकुर करते आणि आपण हलतो. कमरेखालची जाणीव गेलेल्या माणसाला ती कुरकुर कळतच नाही. तो बिचारा बसून राहतो. आतल्या आत मांस मरतं, वर नुसता डाग दिसतो. डाग फुटला की खड्डा, खड्ड्यात पू, मग ताप, आणि तापानंतर बहुतेक वेळा सगळं आटोपलेलं असायचं. युद्ध चालू होतं. पेनिसिलीन नावाचं औषध निघालंय असं आम्ही ऐकून होतो, पण ते सैनिकांसाठी. कर्जतच्या दवाखान्यात मीठपाणी, बोरिक पावडर आणि देवाचं नाव. म्हणून जखम बरी करण्यापेक्षा ती होऊच न देणं यातच शहाणपण होतं.

पुण्याला शिकताना आम्हाला सांगितलं होतं की लाल डाग दिसला की सावध व्हा. पुस्तक गोऱ्या कातडीच्या माणसांचं होतं. उन्हात रापलेल्या आमच्या माणसांच्या अंगावर लाल कुठून दिसणार? हळूहळू मला कळलं की तो डाग डोळ्यांपेक्षा हाताला आधी सापडतो. हाताची मागची बाजू लावायची. जागा शेजारच्यापेक्षा गरम किंवा टणक लागली की समजायचं. स्पिरिटने जोरजोरात चोळायलाही आम्हाला शिकवलं होतं. त्याने नुकसानच होतं हे पुष्कळ वर्षांनी ऐकलं. नशीब, आमच्या दवाखान्यातलं स्पिरिट नेहमी संपलेलं असायचं.

मी घाटावरची. लग्न झालं तेव्हा मला काही कळत नव्हतं आणि नवरा गेला तेव्हाही फारसं कळलं नाही. भावाने हट्टाने नर्सिंगला घातलं आणि मग हट्ट संपल्यासारखा गप्प बसला. कर्जतला दवाखान्याच्या मागे मला एक खोली होती. विधवेला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत, आणि सगळ्या जातींच्या रक्ताला हात लावणाऱ्या बाईच्या घरी पाणी प्यायला कुणी येत नाही. अडलं की मात्र सगळा तालुका दारात. दिवसभर मी माणसांना हात लावायची. मला हात लावणारं कुणी नव्हतं. तेव्हा हे मी कुणाला बोलले नाही. आता बोलायला हरकत नाही, कारण आता ऐकायलाही कुणी नाही.

चाकांची खुर्ची मी पहिल्यांदा हाजीसाहेबांकडे पाहिली. बाजारात त्यांची लाकडाची वखार होती, मूळची मंडळी खाडीकडची. म्हाताऱ्याला अर्धांगवायू झाला, वाचाही गेली. मुलाने, म्हणजे इब्राहिमभाईंनी, मुंबईहून वेताची खुर्ची मागवली. दोन मोठी चाकं पुढे, एक लहान मागे. मी त्यावर जुन्या धोतराच्या मऊ कापडाची साधी गादी करून घातली होती. तिला शिवण नाही, गाठ नाही. पण ईदला पाहुणे यायचे असले की माझी गादी गायब आणि तिथे लाल मखमलीची, कडेने जरीची गादी. जरीने कातडी खरवडली जायची आणि म्हातारा बोलू शकत नव्हता.

मी इब्राहिमभाईंना धारेवर धरलं. ते म्हणाले, "बाई, आब्बांचा मान हाय तो."

"मान वरच्या अंगाला द्या," मी म्हटलं. "खालच्या अंगाला जुनेर द्या."

ते इतके हसले की आतून बायका डोकावल्या. त्या दिवसापासून मखमलीची गादी खुर्चीच्या पाठीला लागली आणि म्हातारा पुढे मजेत जगला. तो गेला तेव्हा इब्राहिमभाई दवाखान्यात आले. त्यांच्यात मय्यताला शेवटची आंघोळ घरचे पुरुष घालतात. दारातच उभे राहून म्हणाले, "आंघोळ आमीच घातली, बाई. अंग साफ होतं. सांगावं वाटलं."

मला पुण्याहून कागदावर सर्टिफिकेट मिळालं होतं. खरं सर्टिफिकेट हे. खुर्ची त्यांनी मलाच देऊ केली, कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणाले. कुणाच्या, ते मला ठाऊक होतं.

पळसदरीकडे जाताना रेल्वेच्या कडेला एक गाव आहे. तिथला राघो राबासाठी डहाळ्या तोडायला ऐनाच्या झाडावर चढला होता. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागी डहाळ्या, पाला आणि शेण जाळतात, त्याला राब म्हणतात. फांदीसकट तो खाली आला आणि कमरेखालचं अंग गेलं. मुंबईच्या इस्पितळाने पाहिलं आणि घरी न्या म्हणून सांगितलं. असे रोगी पाठ फुटून जातात, वर्ष काढलं तरी खूप, असं डॉक्टर त्याच्या भावाला म्हणाले होते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तो घोंगडीवर पडलेला होता आणि त्याची बायको सुभद्रा त्याला या कुशीवरून त्या कुशीवर वळवत होती. घोंगडीने पाठ सोलवटली होती. मी घोंगडी काढून केळीची पानं घातली, सुभद्राला वळवायची रीत दाखवली, पाठ सुधारली. मग तिचा बाप आला आणि तिला घेऊन गेला.

मी चिडले. राघोच उलट मला समजावत होता. "जाऊ दे तिला, बाय. तरनी हाय ती. मला वळवता वळवता म्हातारी व्हईल." पुढच्या वर्षी तिचा दुसरीकडे पाट लागला. ती बातमी त्याने मलाच सांगितली, आणि सांगून झाल्यावर भिंतीकडे तोंड करून वळवायला लावलं.

खुर्ची बैलगाडीतून गेली तेव्हा गाव गोळा झालं. वेत मधे खचला होता. त्यावर नुसतं बसवलं तर आठवड्यात पाठ फुटली असती. कापूस घातला तर ओला झाला की गोळे होतात. तूस टोचतं. तान्ह्या बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून त्याला मोहरीची उशी देतात, ते मला आठवलं. दाणा बारीक, गोल, सरकणारा. भार पडेल तशी जागा करून देतो आणि उन्हात घातला की वाळतो. खुर्चीभर मोहरी कुणाला परवडणार? पण नाचणीचा दाणाही तसाच. मी राघोच्या आईला, ठमाबाईंना म्हटलं, पिशवी शिवा आणि नाचणी भरा.

ठमाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "अन्नावर बसवायचं? बाय, पाप लागंल त्येला. आधीच काय कमी लागलंय?"

"पाप मला लागू दे. माझ्यापुढे मागे कुणी नाही, माझ्यावर खपून जाईल."

"मानसं बोलतात, राघो बसून खातो," खुर्चीवर बसवून घेताना राघो म्हणाला. "आता मी खान्यावरच बसतो. बोला काय बोलायचं ते." त्याची आई हसली नाही. तिने नाचणी भरली, पिशवीला हात लावून कपाळाला लावला आणि आत गेली.

एवढ्याने भागणार नव्हतं. गादी कितीही चांगली असो, अंग मधून मधून उचललंच पाहिजे. राघोचे दंड लाकूडतोड्याचे होते. खुर्चीच्या हातांवर भार देऊन तो स्वतःला सहज उचलायचा. पण आठवण कोण करणार? भाऊ गणू, त्याची बायको चांगुणा आणि म्हातारी, सगळे शेतावर. दिवसभर हा दारात एकटा. बसलेल्या जागेची कुरकुर त्याला ऐकू येत नव्हती, आणि घड्याळ त्या गावात कुणाकडेच नव्हतं. मी विचार करत तिथेच बसले होते, तेवढ्यात घाटाकडे निघालेल्या गाडीने शीळ घातली.

"राघो, दिवसातून अशा किती जातात रे?"

"मोजतं कोन? युद्धापास्न लय वाढल्यात."

"मग ठरलं. शीळ वाजली की अंग उचल. गाडी जाईपर्यंत खाली टेकायचं नाही."

पुढच्या खेपेला तो तक्रारच घेऊन बसला होता. "बाय, मेलगाडी बरी. झटक्यात जाते. मालगाडीचं डबं सरता सरत नाय, दंड भरून येतात." मी त्याला मालगाडीची अर्धी सूट दिली. हळूहळू तो शिळेवरून कुठली गाडी ते सांगायला लागला, आणि कुठली आज उशिरा आहे तेही. स्टेशनमास्तरसुद्धा एवढा जागरूक नव्हता. जगाचं युद्धाने वाटोळं केलं, पण माझ्या एका रोग्याचं बूड त्याने राखलं. डॉक्टरांनी दिलेलं वर्ष सरलं, दुसरंही सरलं.

मी त्याच्याकडे जायची ती कामासाठी, हे खरं. पण तपासून झाल्यावर मी तिथे थोडी रेंगाळायची, हेही खरं. तो बोलायचा, मी ऐकायची. त्या घरात मला चहा मिळायचा आणि कप वेगळा ठेवलेला नसायचा.

मग धान्याची टंचाई आली. रेशनवर मिळायचं ते पुरायचं नाही, आणि खेड्यात तेही वेळेवर नाही. चांगुणाला दिवस गेले होते. ज्येष्ठात मी तिला तपासलं, अंगात रक्त नव्हतं. तिला बजावलं, "बाळंत झालीस की रोज नाचणीची पेज प्यायची. दूध येईल. काही झालं तरी चुकवायचं नाही." तिने मान डोलावली. त्यानंतर ओढ्याला पाणी चढलं आणि माझी वाट बंद झाली. चांगुणाला गावातल्या सुईणीने सोडवलं, मुलगी झाली, एवढं गणूने लोहमार्गाने चालत येऊन कळवलं. राघोचं विचारलं तर म्हणाला, बरा हाय.

पाणी उतरल्यावर मी गेले. राघो दारात बसलेला होता, हसला. मी सवयीप्रमाणे जुनेराखाली हात घातला आणि हाताची मागची बाजू लावली. गरम. नुसतं गरम नाही, ओलं. गणूला हाक मारून त्याला खाली पालथं घातलं. उजव्या हाडावर कातडी फुटली होती आणि भोवतीची जागा काळीनिळी, टणक. गादी उचलली तर ती हलकी. टाका उसवला. आत तूस होतं, पावसाळी हवेने दमट होऊन आवळलेलं.

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. ठमाबाईंना बोलले. पाप-पुण्याच्या खुळाने पोराचा जीव घ्यायला निघालात, असं काहीतरी बोलले. म्हातारी चुलीपाशी उभी होती, खाली बघत.  इतक्यात घाटावरून गाडीची शीळ आली. पालथ्या पडलेल्या राघोने दोन्ही हात जमिनीला टेकले आणि अंग उचललं. त्या सगळ्या आठवड्यांत त्याने एकही गाडी चुकवली नव्हती. गाडी गेली, तो खाली टेकला आणि म्हणाला, "आयेला नका बोलू, बाय. मीच सांगितलं. घरात दाना नव्हता. पोर रडं, हिला दूध नाय. मी नाचनीवर बसायचं आनि तिनं उपाशी पाजायचं?"

आतल्या अंधारातून चांगुणाचा बारीक आवाज आला. "तुमीच सांगितलंत ना बाय. काय झालं तरी चुकवायची नाय म्हनून."

 एकाच घरात दोन माणसांना मी एकच पिशवी लिहून दिली होती. नाचणी कुठून आणायची ते मी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलं नव्हतं. बाईने सांगितलं ते करायचं, एवढंच त्यांना माहीत. गादीतल्या नाचणीची पेज झाली, चांगुणाला दूध आलं. आत मूल चपचप पीत होतं, तो आवाज मला ऐकू येत होता. मी ठमाबाईंजवळ गेले. माफी मागायची मला सवय नव्हती. मी त्यांच्या हातातली फुंकणी घेतली आणि चूल फुंकत बसले. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. किती वर्षांनी कुणीतरी ठेवला असेल.

त्यानंतरचे महिने राघो पालथा. मीठपाण्याने धुवायचं, मेलेलं मांस कात्रीने काढायचं, केळीचं पान, पुन्हा धुवायचं. त्याला ताप भरला तेव्हा मी समजून चुकले की संपलं. दवाखान्यातून सुटले की अंधार पडेपर्यंत तिथे. त्याला दिसायची फक्त सारवलेली जमीन आणि मुंग्या. एकदा म्हणाला, "बाय, खुर्चीत बसल्यावर निदान गाडीतली मानसं दिसायची. त्यांस्नी मी दिसायचो का नाय, ठावं नाय."  मी त्याचं अंथरूण फिरवून डोकं मुलीच्या झोळीकडे केलं आणि झोळीची दोरी त्याच्या हातात दिली.

ताप उतरला. मी म्हणेन माझ्या हाताने उतरला, डॉक्टर म्हणतील नशिबाने. माझं मत विचाराल तर त्या दोरीने. पुढच्या वेळी तक्रार पुन्हा सुरू. "गाडी आली का मी हात टेकनार, मंग झोळी थांबनार, मंग ही भोकाड पसरनार. पाय नायत त्या मानसाला दोन दोन नोकऱ्या दिल्यात तुमी."

पावसाळा सरला. वरकसावरची, म्हणजे डोंगरउताराच्या जमिनीतली, नाचणी कापली गेली. आमच्याकडे नवं धान्य आधी देवापुढे ठेवतात, मग घरातली माणसं तोंडात घालतात. राघोची जखम भरून वर नवी, पातळ, गुळगुळीत कातडी आली होती. त्याला पुन्हा कधी बसवायचं ते बघायला मी गेले, तर ठमाबाईंनी मला थांब म्हणून खूण केली. देवापुढची नव्या नाचणीची परडी उचलली. मला वाटलं, आता सगळ्यांच्या हातावर दाणे देणार. त्यांनी ती परडी तशीच आणून गादीच्या पिशवीत ओतली. मग सुपातली नाचणी, मग आणखी. पिशवीला हात लावून कपाळाला लावला आणि स्वतःच टाका घालायला बसल्या.

"पाप लागेल ना?" मी चिडवलं.

"देवानं आधी खाल्लंय," त्या म्हणाल्या. "आता कोन बसंल त्येला देवाचं काय?"

पुढे माझी बदली खालापूरला झाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा राघो खुर्चीत, मुलगी त्याच्या मांडीवर. मांडीवर ओझं नको म्हणून मी ओरडणार होते, ओरडले नाही.

"तिकडं शीळ ऐकू येते का, बाय?"

"वारा असला तर खोपोलीच्या गाडीची येते."

"मंग तुमीबी उठत जा."

"मला काय झालंय? माझे पाय शाबूत आहेत."

"एकट्याच बसता नव्हं दिसभर," तो म्हणाला. "एकटं मानूस बसलं का बसूनच ऱ्हातं."

मी उठून निघाले. वाटभर एकटीच बडबडत गेले.

राघो त्यानंतर काही वर्षं जगला. लघवीच्या विकाराने गेला, तिथे माझी विद्या चालणारी नव्हती. मला कळलं ते दिवसकार्य होऊन गेल्यावर. गणू खालापूरच्या दवाखान्यात आला, रांगेत उभा राहिला, आणि त्याचा नंबर आला तेव्हा म्हणाला, "आयेनं निरोप धाडलाय. आंघोळ घालताना तिनं सोताच्या हातानं बघितलं. अंग साफ व्हतं. तेवढं बायला सांगून ये म्हनली." मी पुढच्या रोग्याला बोलावलं. त्याचा हात मी दोनदा धुतला म्हणे, मला आठवत नाही.

आता मी कर्जतलाच राहते, स्टेशनच्या मागे. गुडघे गेलेत. सकाळी बाई येऊन भांडी घासून जाते, मग दिवस माझा. जी माणसं मी सांभाळली त्यांची अंगं शेवटी कुणीतरी बघितली आणि मला येऊन सांगितलं. माझं कोण बघणार, आणि बघितलं तर सांगायला कुणाकडे जाणार, हा विचार दुपारी येतो आणि बसलेल्या माणसाला अगदी खाली ओढतो. तेवढ्यात घाट उतरून येणारी गाडी शीळ घालते. मी खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार देते, आणि उठते.